मी न मानलेले आभार

ऑगस्टचा तिसरा आठवडा आला की आमच्या शुगर लँडच्या मोठ्या दुकानांत एक वेगळीच गर्दी दिसायला लागते. ढकलगाड्यांत उशा, चादरी, टेबलावरचे दिवे, साबण-शांपू ठेवायच्या जाळीच्या टोपल्या. गाडी ढकलणारी आई, आणि तिच्यामागे दोन पावलं अंतर राखून फोनमध्ये डोकं घातलेली मुलगी. आई विचारते, "ही निळी घेऊ का?" मुलगी मान वर न करता म्हणते, "व्हॉटेव्हर." बाहेर पार्किंगमध्ये पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. ह्यूस्टनकडचा हा उन्हाळा म्हणजे कोणीतरी ओलं फडकं तोंडावर दाबून धरल्यासारखा असतो.

मुलं कॉलेजच्या वसतिगृहात राहायला निघाली की हा मोसम सुरू होतो आणि गणपती उठेपर्यंत टिकतो. ऋतू बदलला की लोकांना सर्दी होते. मला शरम वाटते. सात वर्षं झाली, एकही ऑगस्ट चुकलेला नाही.

मी मूळची नागपूरची. इथे येऊन तीस वर्षं होत आली. नोकरी एका कॉलेजच्या आरोग्य केंद्रात, काम विद्यार्थ्यांना समजावण्याचं. झोप, खाणं, ताण, आणि मुख्य म्हणजे दारू. इथल्या मराठी मंडळात कोणी विचारलं तर मी पहिली तीन सांगायची आणि चौथ्यापाशी थांबायची. "मुलांना हेल्थबद्दल गाइड करते," एवढं म्हटलं की समोरच्या काकूंचं समाधान व्हायचं. त्या लगेच आपल्या गुडघ्यांकडे वळायच्या.

आमच्या कॉलेजात निम्म्याहून जास्त मुलं मेक्सिकन आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या घरांतली. बरीचशी घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली. आठवडाभर क्लास, उरलेल्या वेळात नोकरी, घरी धाकट्या भावंडांचं बघायचं, आणि मग शनिवारी दोन तासांत आठवड्याची सगळी दारू एकदम. आमचा सगळा कार्यक्रम होता तो या 'एकदम'विरुद्ध. सेमिस्टरचे पहिले पाच-सहा आठवडे सगळ्यात नाजूक, म्हणून ऑगस्टमध्येच आईवडिलांना मुलांसकट बोलवायचं आणि त्यांच्या भाषेत बोलायचं असं सात वर्षांपूर्वी ठरलं. अशा गप्पावजा बैठकीला ते लोक 'प्लातिका' म्हणतात. त्यात भाषण कमी आणि खाणं जास्त असतं, हे मला आवडलं होतं.

माझ्याबरोबर काम करायचा मिगेल. एल पासोकडचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, आमच्या केंद्रातला समुपदेशक. मी मोठ्या मेहनतीनं स्लाइड्स तयार करून त्याला दाखवल्या. त्यातल्या एकीवर मी लिहिलं होतं की या समाजात घरगुती समारंभांतच मुलांना दारूची ओळख होते. पंधराव्या वाढदिवसाची पार्टी, अंगणात भाजलं जाणारं मांस, बर्फाच्या पेटीतल्या बिअरच्या बाटल्या, सगळं चित्रासकट.

मिगेलनं ती दोनदा वाचली. मग म्हणाला, "मिस, ही काढून टाकू." इकडे टेक्सासमध्ये शिकवणाऱ्या बाईला सगळेच 'मिस' म्हणतात, वय कितीही असो.

"का? खोटं आहे का हे?" मी विचारलं.

"खोटं नाही. पण हे पाहून आया मान खाली घालून घरी जातील. ज्याला लाज वाटते तो बोलत नाही, मिस. आणि आपल्याला त्यांनी बोलायला हवं आहे."

त्यानं ती स्लाइड काढली आणि तिच्या जागी तीन छोटी वाक्यं टाकली. फोन कर. मी येईन. त्या दिवशी एकही प्रश्न विचारणार नाही. एवढंच. आईवडिलांनी शेजारी बसलेल्या आपल्या मुलाकडे वळून हे मोठ्यानं म्हणायचं. मला ते जरा पोरकट वाटलं होतं. नंतर त्याच तीन वाक्यांबद्दल वरिष्ठांनी माझं कौतुक केलं, तेव्हा ती मिगेलची आहेत हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी सांगितलं नाही.

आता आमच्या समारंभांबद्दल सांगते. आम्हा मराठी मंडळींच्या घरी दारू नसते. ती गॅरेजमध्ये असते. तिथल्या जुन्या फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरण्यांच्या मागे. कोणाकडे सत्यनारायण असो नाहीतर बारसं, आरती झाली की पुरुष एकेक करून "गाडी बघतो जरा" म्हणत गॅरेजकडे सरकायचे. हातात कागदी पेले, पेल्यात कोक, कोकमध्ये व्हिस्की. दिवाणखान्यात भारतातून आलेले कोणाचे तरी सासूसासरे शिऱ्याचा प्रसाद खात बसलेले असायचे, त्यांना काही कळायचं नाही. किंवा त्यांना सगळं कळायचं आणि तेही गप्प बसायचे. मुलांना सांगितलेलं असायचं, "तो काकांचा कोक आहे, त्याला हात लावायचा नाही." घरी परतताना गाडी बायका चालवायच्या, त्यामुळे आमचं सगळं कसं जबाबदारीनं चालायचं.

माझी मुलगी ऋचा सात वर्षांची असताना माझ्या सासूबाईंसमोर म्हणाली, "आई, काकांच्या कोकला स्मेल का येतो?" मी हसत हसत तिचा दंड चिमटला. चांगला जोरात. नंतर तिनं तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही, आणि पोर किती समजूतदार आहे असं मला वाटलं.

म्हणजे बघा, मी रोज सकाळी चाळीस मिनिटं गाडी चालवत जाऊन दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायची की दारूबद्दल घरात उघड बोला, आणि संध्याकाळी घरी येऊन गॅरेजच्या फ्रीजसमोर लोणच्याच्या बरण्या नीट लावायची. यात काही विसंगत आहे हे खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते त्यांच्यासाठी होतं. आपल्या मुलांना त्याची काय गरज?

त्या वर्षी ऋचा माझ्याच कॉलेजात आली. घर जवळ असूनही तिला वसतिगृहात राहायचं होतं. खोलीतली जोडीदारीण होती मारिसोल. जवळच्याच रोझेनबर्ग गावची मुलगी, उंच, बोलायला हळू. वडील ती लहान असतानाच गेले होते आणि आई एल्विरा एका बेकरीत पाव करायची. नवऱ्याला, अविनाशला मी त्या संध्याकाळी म्हटलं, "मुलगी चांगली दिसते, पण जरा लक्ष ठेवायला हवं." कशावर लक्ष, ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आम्हा दोघांनाही ते समजलं होतं.

पहिली प्लातिका भरली त्या रविवारी कॉलेजच्या हॉलमध्ये दीडशे माणसं होती. लहान मुलं खुर्च्यांखालून पळत होती. मागच्या टेबलावर गोड पावांच्या परड्या. ऋचा मारिसोलबरोबर आली होती, पाव खायला म्हणून. मिगेल स्पॅनिशमध्ये बोलत होता आणि मी मध्येमध्ये इंग्रजीत. पिऊन पडलेल्या मित्राला झोपू दे म्हणून एकटं सोडायचं नाही. कुशीवर वळवायचं. मदतीला फोन करायला घाबरायचं नाही, फोन करणाऱ्याला कोणी शिक्षा करत नाही. पोलिसांच्या, इमिग्रेशनच्या कागदपत्रांच्या भीतीनं पोरं फोन करत नाहीत हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मिगेलनं ते तीनदा सांगितलं.

मग ती तीन वाक्यं म्हणायची वेळ आली. हॉल एकदम गंभीर झाला. मोठमोठे बाप, हातांना रंगाचे आणि सिमेंटचे डाग, आपल्या पोरांकडे वळून पुटपुटले. एक आजी रडायला लागली. एल्विरानं मारिसोलचे दोन्ही हात धरून ती वाक्यं म्हटली. म्हणून झाल्यावर तिनं पलीकडे बघितलं. तिथे ऋचा बसली होती, हातात अर्धा पाव. एल्विरानं तिच्या गालाला हात लावला आणि तिलाही तेच सांगितलं, तिच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत, एकेक शब्द सावकाश.

ऋचानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी वीस पावलांवर उभी होते. माझ्या हातात माइकची वायर होती, तिचा गुंता झाला होता आणि मी तो सोडवत होते. मी तिच्याकडे बघून हसले आणि पुन्हा वायरीकडे वळले. सेशन छान चाललंय, एवढंच तेव्हा मनात होतं.

गणपतीतला शनिवार. आमच्या मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये दुपारी असतो, कारण संध्याकाळी हॉल दुसऱ्यांना हवा असतो. मी हिरवी काठापदराची साडी नेसले होते. उकडीच्या मोदकांची जबाबदारी माझ्याकडे होती. अथर्वशीर्ष झालं, आरत्या झाल्या, प्रसाद झाला, आणि पुरुष नेहमीप्रमाणे पार्किंगमध्ये कोणाच्या तरी गाडीपाशी जमले.

त्याच वेळी कॉलेजच्या पार्किंगमध्येही लोक गाड्यांपाशी जमले होते. फुटबॉलच्या सामन्याआधी तिथे सकाळपासून गाड्यांची मागची दारं उघडून खाणंपिणं चालतं. ऋचा गेली होती ती तिच्या डान्स ग्रुपबरोबर. सगळी आपलीच देशी मुलं, त्यातली दोघं तर आमच्याच मंडळातली. कोणीतरी लेमोनेडमध्ये व्होडका मिसळून आणली होती आणि कोण किती पटकन संपवतो याची शर्यत लागली होती. ऊन डोक्यावर, पोटात काही नाही. किती म्हणजे फार, हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. दारू म्हणजे काय तर जिच्याबद्दल बोललं की दंडाला चिमटा बसतो ती, एवढंच तिला माहीत होतं.

पाय लटपटायला लागले तेव्हा तिनं फोन केला. मारिसोलला. मारिसोल लायब्ररीत होती, ती धावत गेली. मित्रमंडळी म्हणत होती, झोपू दे तिला गाडीत, ठीक होईल. मारिसोलनं ऐकलं नाही. तिला कुशीवर वळवलं, ॲम्ब्युलन्स बोलावली, आणि मग आपल्या आईला फोन केला.

मला पाच वाजता कळलं. ऋचा दोन वाजल्यापासून हॉस्पिटलमध्ये होती. अठरा पूर्ण झालेल्या मुलीच्या आईला हॉस्पिटल आपणहून फोन करत नाही. एल्विरा हटून बसली की तिच्या आईला कळवलंच पाहिजे, म्हणून मारिसोलनं फोन केला. मोदकांची रिकामी भांडी तशीच टाकून मी निघाले. वाटेत सिग्नलला थांबले तेव्हा फोन पुन्हापुन्हा बघितला. दिवसभरात ऋचाचा एकही मिस्ड कॉल नव्हता.

पडद्याआड ऋचा झोपली होती, हाताला सलाइन लावलेली. बाजूच्या खुर्चीत एल्विरा, बेकरीच्या ॲप्रनवर पीठ, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत ऋचाच्या घाण झालेल्या चपला. तिनं त्या पिशवीला गाठ मारून ती दोन्ही हातांनी धरली होती. माझ्याकडे पाहून ती उठली आणि मला खुर्ची दिली.

आणि मी, गजरा माळलेली, कुंकू लावलेली, दारूबद्दल लोकांना शहाणं करून सोडायचं काम करणारी बाई, त्या माउलीला इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या मुलीनं काय पाजलं हिला?"

घाईघाईत, घशातल्या घशात बोलले होते मी. एल्विराला शब्द कळले नाहीत. तिनं मुलीकडे पाहिलं, या काय म्हणतात? मारिसोल माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं. ती आईकडे वळून स्पॅनिशमध्ये हळूच काही बोलली. तेवढं स्पॅनिश मला नोकरीमुळे येत होतं. ती म्हणाली, "ताई म्हणतायत, तुमचे खूप खूप आभार."

एल्विरानं माझा हात हातात घेतला. तिच्या तळव्याला पीठ लागलेलं होतं. ती मला सांगत राहिली, आणि या वेळी मारिसोलनं शब्द न् शब्द खरा सांगितला: "आई म्हणते, आभार कसले, हे तर तुम्हीच आम्हाला प्लातिकामध्ये शिकवलं. मिस, ती म्हणते, तुम्ही सांगितलं नसतं तर तिनं वाटेतच मला शंभर प्रश्न विचारले असते."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. ऋचाला पहिल्यापासून एकही प्रश्न न विचारणारी बाई माझ्यासमोर उभी होती, आणि मी आल्या आल्या जो पहिला प्रश्न विचारला तोही भलत्याच मुलीवर आळ घेणारा. मारिसोल तर दारूला शिवतही नाही हे मला नंतर समजलं. तिचे वडील कशानं गेले, तेही.

ऋचा दुसऱ्या दिवशी घरी आली. दोन दिवस पडून राहिली, वरणभात खाल्ला, परत गेली. आम्ही फार बोललो नाही. अविनाशनं एकदा घसा खाकरून "हे बघ बेटा" अशी सुरुवात केली, तेव्हा ऋचा म्हणाली, "बाबा, प्लीज. गॅरेजमध्ये काय आहे ते मला माहितीये." तो उठून टीव्हीसमोर जाऊन बसला.

आणखी एक सांगायचं राहिलं. खरं तर हेच सांगायला लिहायला बसले आणि इतका वेळ टाळत आले. मधूनच हॉल सोडून का गेले, म्हणून मंडळातून फोन आले. मी सांगितलं, ऋचाला फूड पॉइझनिंग झालं. माझी मैत्रीण वैशाली, मंडळात माझ्याबरोबर मोदक वळणारी, काळजीनं म्हणाली, "अगं, ते टॅको-बिको कुठेही खातात ही मुलं. तिची रूममेट मेक्सिकन आहे ना? त्यांच्याकडचं काही खाल्लं असेल."

मी म्हणाले, "हो, असेल."

हे दोन शब्द बोलायला मला काहीही कष्ट पडले नाहीत. फोन ठेवला आणि कुकर लावला. ज्या घरानं माझी मुलगी वाचवली, त्या घराच्या अन्नावर मी तो आळ घेतला, आणि जेवायला बसले.

नोव्हेंबरात शंकरपाळ्यांचा डबा घेऊन मी रोझेनबर्गला जाऊन आले. एल्विरानं डबा रिकामा परत दिला नाही, त्यात पाव भरून दिले. तिची माफी मागायची सोयच नव्हती. मी काय बोलले होते हे तिला माहीतच नाही. माफी मागायची तर आधी ते सांगावं लागणार, म्हणजे मारिसोलनं जे झाकलं ते उघडं पाडायचं. तेव्हा कधीच न मानलेल्या आभारांचं श्रेय मी आजवर तिच्याकडून घेते आहे. दर डिसेंबरला, नाताळात भेटलो की ती मला मिठी मारते. मारिसोलला मात्र मी एकदा कॉलेजच्या जिन्यात गाठून सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "इट्स ओके, मिस." आणि क्लासला उशीर होतोय म्हणून पळाली.

कामावर आमचा कार्यक्रम वाढत गेला. दर ऑगस्टला हॉल भरतो, पोरं फोन करतात, आया येतात. तीन वाक्यं मिगेलची आहेत हे मी आता दर वर्षी माइकवर सांगते. पण चार वर्षांपूर्वी मंडळाच्या कमिटीत मी भीतभीत विचारलं, आपल्या पालकांसाठी असं सेशन घेऊ का, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, आपल्याकडे त्याची गरज नाही. उगाच लोक म्हणतील, आपली मुलं पितात." आणि मी, जिला गरज सगळ्यांत जास्त माहीत होती, चहाचे कप गोळा करायला उठले.

या वर्षी वैशालीचा धाकटा आमच्याच कॉलेजात जातोय. परवा तिचा फोन आला, यादी विचारायला. चादरी किती, मसाल्याचा डबा देऊ का, छोटा कुकर चालतो का. शेवटी हसून म्हणाली, "बाकी काही टेन्शन नाही, यार. आपली मुलं आहेत."

मी तिला म्हटलं, मी उद्या फोन करते. आणि चार-पाच तासांवरच्या फ्रिस्कोला, ऋचाला फोन लावला. ती आता तिथे नोकरी करते.

"तुझी गोष्ट वैशालीला सांगू का?" मी विचारलं. "आणि मग मंडळात. सगळी. मी हॉस्पिटलमध्ये काय बोलले ते, नंतर फोनवर काय बोलले तेसुद्धा."

मागे तिच्या डिशवॉशरचा आवाज येत होता. "सांग," ती म्हणाली. "बट आई, डोन्ट क्राय इन इट. दे विल ऑल स्टार्ट कन्सोलिंग यू."

मग सात वर्षं जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते विचारलं. "तेव्हा मला का नाही गं फोन केलास? मी आले नसते का?"

"आली असतीस. आय न्यू दॅट. तू लगेच आली असतीस." ती म्हणाली. "पण मग मला तुला सांभाळावं लागलं असतं."

तिचा आवाज अगदी साधा होता. रागावलेली असती तर बरं वाटलं असतं.

"आणि आता?" मी म्हटलं. "आता काही झालं तर?"

तिनं खोटं बोलून माझं समाधान केलं नाही, हे मी तिच्या बाजूनं लिहून ठेवते. तिनं खरंच विचार केला.

"मारिसोल," ती म्हणाली. "मग एल्विरा आँटी." डिशवॉशर बंद झाला. "देन यू."